पुंजाजीचा अजबखाना

पुंजाजीचा अजबखाना पाहून बाहेर पडलेला माणूस पहिल्यांदा आपले हात झटकायचा, कारण आत असेपर्यंत ते पाठीमागे बांधून ठेवावे लागत. दारातच पुंजाजी उभा असे. अंगावर जरीकाठी उपरणं, हातात मोरपिसांचा कुंचा, आणि आल्यागेल्याला एकच वाक्य, "पाहाचं, शिवाचं नाही. हात मांगं." कुणाचा हात चुकून पुढे आला की कोपरावर कुंचा बसलाच. वयानं तो माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा, शेजारधर्मानं दीर. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणत आले. पण आज त्याच्याबद्दल सांगायला बसले तर अहोजाहो काही जिभेवर येत नाही, आणि ओढूनताणून आणायची माझी इच्छाही नाही.

हा माणूस आधी असा नव्हता, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. अमरावतीच्या कापूस बाजारात त्याची आडत होती, गावाकडे काळी जमीन होती. शेतकऱ्याची गाडी आली की पुंजाजी कोपरापर्यंत हात घालायचा, तळाची मूठभर रुई काढायचा, दोन बोटांत धरून तंतू ओढायचा आणि सांगायचा, हा माल कोणत्या शिवारातला, वेचणी पहिली की शेवटची, वजन वाढवायला पाणी शिंपडलंय की नाही. कधी चुकला नाही. आमचे हे त्याच बाजारात मापारी होते, ते म्हणायचे, या माणसाची अक्कल हातात आहे. पुढे त्यानं हातच मागे बांधायला लावले, तेव्हा हे नुसतं हसले आणि पान खात बसले.

झालं असं, की अमेरिकेत कुठेतरी लढाई पेटली. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि इकडे आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला असा भाव आला की माणसांचे पाय जमिनीला लागेनात. ज्यानं त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. लग्नाच्या पंगती तीन तीन दिवस उठेनात. पण या सगळ्यांचं वेड हंगामापुरतं, कोजागिरीपासून होळीपर्यंतचं. पुंजाजीचं वेड बारमाही.

आमच्या आळीच्या मागे निजामाच्या कुणा सरदाराचा महाल होता. वंशज हैदराबादेला निघून गेले होते आणि आत कबुतरं राहायची. पण महाल देखणा होता बाई, खोटं कशाला बोलू! शिसवी खांबांवर कोरलेल्या वेली, छतावर सोनेरी-निळी फुलं, भिंतीत दिवे ठेवायच्या कमानदार कोनाड्यांची रांग, मधल्या चौकात कारंजं. पुंजाजीनं तो महाल घेतला. त्याची बायको रुखमा आनंदानं माझ्याकडे साखर घेऊन आली. "आता गोदीले माहेर म्हनाले जागा झाली," म्हणाली. गोदी ही त्यांची एकुलती एक लेक. ती नुकतीच अकोल्यास दिली होती. रुखमाला दागिन्यांची हौस नव्हती, मानपानाची नव्हती. लेक चार दिवस यावी, हातपाय पसरून निजावी, पहिलं बाळंतपण आपल्या घरी व्हावं, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. मोठ्ठं घर पाहून तिला वाटलं, झालं आपलं काम.

मग मुंबईहून खोकी यायला लागली. आगगाडी तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती, रूळ खानदेशात कुठेतरी अडकले होते. तिथून पुढे बैलगाड्या. आपल्याकडून कापसाच्या गाठी जायच्या आणि तिकडून त्याच गाड्यांतून काचेची झुंबरं यायची, ती फुटू नयेत म्हणून कापसात गुंडाळलेली. हे म्हणाले, "आपलाच कापूस परत विकत घेऊन राहिला हा, फक्त मधात काच घातली." पुंजाजीला कुठे ऐकू येतंय! त्याच्या डोळ्यांवर धूर चढला होता.

आरसे आले, पितळी खांबांचा पलंग आला, चिनी मातीच्या ताटल्यांचं कपाट आलं, मखमली खुर्च्या आल्या, एका दालनाची भिंत भरून घड्याळं आली. आणि पुंजाजीनं महालाचं नाव ठेवलं अजबखाना. बाजाराच्या दिवशी गाड्या सोडून बसलेले शेतकरी तो पाहायला यायचे. पुंजाजी पुढे, कुंचा हातात, आणि मागे हात बांधलेली माणसांची रांग. चोरांची वरात निघाल्यासारखी दिसायची. एकदा धामणगावाकडचा एक म्हातारा चालून चालून थकला, खुर्चीकडे पाहून म्हणाला, "बसू का वाईच?" पुंजाजीचा चेहरा असा झाला की जसं काही त्यानं देवळात जोडा काढून विंचू मारायला घेतलाय. "हे बसाची खुर्ची नाही," म्हणाला. म्हातारा गरीब बिचारा, जमिनीवर बसायला गेला, तर खाली गालिचा! शेवटी दाराबाहेर जाऊन धुळीत बसला, आणि तिथे त्याला बरं वाटलं.

आणि ज्ञान तर विचारू नका! घड्याळांची प्रत्येकाची वेळ निराळी. ह्यांनी एकदा विचारलं, "पुंजाजी, यातली खरी कोनती?"

"समद्याच खऱ्या. ज्या त्या मुलखाची येळ हाय ते."

"कोनते मुलूख?"

"कोनते काय विचारता, विलायतेकडचे," म्हणत कुंचा फिरवून पुढच्या दालनात. किल्ली द्यायला तो भीत होता, एवढंच त्यातलं खरं. आरशासमोर श्वास धरून उभं राहावं लागे, वाफेनं काच खराब होते म्हणून. पण माणसं गेली की स्वतः मात्र हा-हा करून फुंकायचा आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसायचा. मी मागच्या दारातून पाहिलंय.

एवढ्या थाटाच्या महालात नवराबायको राहायची कुठे म्हणाल, तर घोड्यांच्या पागेत. चुलीच्या धुरानं छतावरची फुलं काळी पडतील म्हणून चूल पागेत गेली. चुलीमागोमाग रुखमा गेली, आणि पलंग पाहायचा असल्यामुळे निजायला पुंजाजीही तिथेच. कपाटभर चिनी ताटल्यांचा धनी पळसाच्या पत्रावळीवर पिठलं-भाकर खायचा, घोड्याच्या गव्हाणीशेजारी बसून. मी रुखमाला म्हटलं, "अवं, तू या घराची मालकीण की मोतद्दार?" ती हसली. तेव्हा तिला हसू येत होतं.

त्या सगळ्या पसाऱ्यात पुंजाजीचा जीव एका पाळण्यात होता. मुंबईच्या कुणा दलालानं राजघराण्यातला म्हणून गळ्यात मारलेला. वस्तू सुंदर, नाही म्हणणार नाही. काळं शिसव, त्यावर हस्तिदंताची वेलबुट्टी, चांदीच्या साखळ्या, आणि वरच्या कड्याला गोल लटकवलेले चांदीचे पोपट, प्रत्येकाच्या पायाशी घुंगरू. त्या पाळण्यापाशी आला की पुंजाजीचा आवाज हळू व्हायचा. गोदी लहान असताना तो तिच्याशी इतक्या हळू कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

एकदा कुणी मोठा गोरा साहेब मडमेला घेऊन अजबखाना पाहायला आला. अख्खं अमरावती दाराशी लोटलं. आम्ही बायका दगडी जाळीआड उभ्या. पुंजाजी साहेबाला सगळं दाखवत दाखवत पाळण्यापाशी आला आणि त्याच्या अंगात काय आलं कोण जाणे, घुंगरू ऐकवायचे म्हणून त्यानं दोरी धरून पाळणा ओढला. रिकामा! आत लेकरू नाही, काही नाही, आणि पाळणा झुलतोय. रुखमाची बोटं माझ्या दंडात रुतली. "बाई वं, रिकामा हालवून राहिले! माह्या गोदीले दिवस गेलेले!" रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. घरातल्या लेकराच्या जिवावर येतं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण कुणाची छाती होते का करून पाहायची?

मग रुखमानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती पागेत धावली, पाट्यावरचा वरवंटा उचलला, त्याला खणाचा तुकडा गुंडाळला, बारशाला आपण वरवंट्याला टोपरं घालतो तसा. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून ती सरळ त्या साहेबासमोरून गेली, वरवंटा पाळण्यात ठेवला आणि आली तशी परत आली.  मडमेनं वाकून पाहिलं आणि विचारलं हे काय. पुंजाजी कसला गडबडतोय! "कुलदेव हाय आमचा," दुभाष्याला म्हणाला. मडमेनं मान लववली. वरवंट्याला सकाळच्या ठेच्याची मिरची तशीच लागलेली. बाई शिंकत शिंकत बाहेर गेली.

त्या दिवसापासून वरवंटा अजबखान्यात दाखल झाला. साहेब खूश झाला ना, मग पुंजाजीनं तो हलू दिला नाही. रुखमाला नवा पाटा-वरवंटा आणून दिला, आणि नव्या दगडाची कच महिनाभर आम्ही त्यांच्या चटणीत चावत होतो. इकडे जुना वरवंटा, रुखमाच्या सासूच्या हातानं गुळगुळीत झालेला, चांदीच्या पोपटांखाली मखमलीवर निजायचा.

आणि गोदी आली. सातव्यात ओटी भरून, अकोल्याहून गाडीत पेंढ्यावर गोधड्या घालून, पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. महालाच्या दारात उतरली, तर बाप कुंचा घेऊन उभा. "आली का माय? हात मांगं." पोरीला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली. आत जाऊन पाहते तो तिच्यासाठी जागा पागेत, आईच्या शेजारी.

रुखमानं मागच्या अंगाची एक लहान खोली मागितली. त्या खोलीत काय होतं, तर तस्तं आणि पिकदाण्या. पुंजाजी म्हणाला, "बाळंतिनीची खोली म्हंजे शेगडी, धुरी, तेल. भिंतीचा रंग जाते." एवढं बोलून तो पिकदाण्या पुसायला लागला. मी तिथेच होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "गोदे, ऊठ. चाल माह्या घरी. माह्यं छप्पर आधीच काळं हाय." आणि तिची वळकटी मीच उचलली. रुखमा मागून आली, मान खाली घालून. स्वतःचं एवढं घर असताना लेकीचं बाळंतपण शेजाऱ्याच्या माजघरात करायला लागलं, ही लाज त्या बाईनं कशी गिळली ते मी रोज पाहत होते.

मुलगी झाली. गोरीपान, डोकंभर जावळ. पुंजाजी पाहायला आला तो दारातूनच. आणि सवय बघा मेल्याची, माझ्या घरातसुद्धा हात मागे बांधून उभा! "पोट्टी चांगली हाय," म्हणाला आणि गेला. बाजाराचा दिवस होता, गाड्या यायच्या होत्या.

बारशाच्या सकाळी रुखमा म्हणाली, एक सकाळ पाळणा मागून पाहू. मी म्हटलं, कशाला तोंड वेंगाडायचं? पण तिला वाटत होतं, नातीचं तोंड पाहिलंय त्यानं, आता काही नाही म्हणणार नाही. दोघी गेलो. तो झुंबराचे लोलक पुसत होता. रुखमानं सांगितलं, दुपारच्या आत परत आणून ठेवते, मी स्वतः पुसून ठेवते.

"पायना पाहाचा हाय, निजाचा नाही."

"भाऊजी, तुमची नात हाय ते," मी म्हटलं.

"म्हनूनच म्हनतो. लेकरू मुतते, वयनी. वरवंटा मुतत नाही."

रुखमा पाळण्याकडे पाहत होती. म्हणाली, "दगडाले निजू देता अन् माह्या नातीले नाही?"

"तुले त्याची किंमत समजत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा लोलक पुसायला लागला. आम्ही परत आलो. माझ्या जुन्या लुगड्याची झोळी करून आढ्याला बांधली आणि पोरीचं नाव ठेवलं. गोदी रडली नाही. झोळीला झोका देता देता एवढंच म्हणाली, "मावशी, मी आता त्या दारात पाय ठेवत नाही." आणि तिनं ठेवला नाही. सव्वा महिन्यानं ती माझ्याच घरातून अकोल्याला गेली. बाप चौकात उभा राहून कुणाला तरी कारंजं दाखवत होता.

पुढे अमेरिकेतली लढाई मिटली आणि भाव असा कोसळला की शहाणे शहाणे बुडाले. पुंजाजी तर शहाणाही नव्हता. महाल गेला, आत होतं नव्हतं ते लिलावात गेलं. त्या दिवशीसुद्धा हा बाबा कुंचा घेऊन दारात! "हात मांगं, हात मांगं," म्हणतोय, आणि माणसं हसतायत, खुर्च्यांवर बसून पाहतायत, ताटल्या वाजवून पाहतायत. मूर्तिजापूरच्या एका न्हाव्यानं मोठा आरसा नेला. घड्याळं कुणी धर्मशाळेत नेली, कुणी दुकानात, आणि तिथे ती निमूट एक वेळ दाखवायला लागली. पाळणा दलालामार्फत कुणी घेतला ते कळलं नाही. रुखमा गर्दीतून आत गेली, तिनं त्यातला वरवंटा तेवढा काढून पदरात घेतला. कुणी तिला अडवलं नाही.

मग ती दोघं बाजारामागच्या एका खोलीत राहू लागली. आता तरी डोळे उघडावेत की नाही? कशाचं काय! हा गावोगाव आपल्या वस्तू पाहत हिंडायला लागला. न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचा, दाढीला नव्हे, आरशावरचा साबण पुसायला. न्हावी मला एकदा यात्रेत भेटला तर हात जोडून म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक भेते वो त्याले." मला त्याची कीव आली असं लोकांना वाटतं. कीव न्हाव्याची आली.

तोवर आगगाडी झाली. गोदीला मुलगा झाला आणि बारशाचं बोलावणं आलं, आईला आणि मला. बापाला नाही. पण आम्ही बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत बसलो तर पुंजाजी हजर, धुतलेलं उपरणं घालून. रुखमाच्या तोंडावर किती दिवसांनी उजेड दिसला. गाडीत ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "लेकीले भेटाले चालले पाहा ते. मनात आलं त्याइच्या. गोदीबी बापच म्हनन शेवटी." पदरात तिनं तोच वरवंटा घेतला होता, बारशासाठी.  मलाही वाटलं, असेल बाई. म्हातारपण माणसाला मऊ करतं.

अकोल्याला गोदीचं घर मातीचं, पण ऐसपैस. बाप आलेला पाहून गोदी क्षणभर दारातच थांबली. मग आत गेली, पाट घेऊन आली आणि भिंतीशी मांडला. तांब्या भरून ठेवला. तिनं ते केलं तेव्हा रुखमाचे डोळे भरून आले. माझेही आले, सांगायला लाज कशाची. आणि मग आम्ही पाळणा पाहिला. तोच. शिसवी, हस्तिदंताच्या वेलींचा. गोदीच्या सासऱ्यानं घेतला होता तो लिलावात. "लेकरं निजाले पायजे होता," म्हातारा सहज म्हणाला. साखळीला दुपट्याचं टोक अडकलेलं, कडेवर दुधाचे डाग, आणि आत बारशाचं पोर झोपलेलं.

पुंजाजीनं जोडे काढले. हात त्याचे आपोआप मागे गेले. हळू हळू पाळण्यापाशी आला आणि वाकला. गोदी शेजारी उभी होती. नाक लाल झालेलं, ओठ घट्ट धरलेले, बाप काय बोलतो त्याची वाट पाहत. रुखमाची बोटं पुन्हा माझ्या दंडात रुतली, त्या साहेबाच्या वेळेसारखी. पुंजाजीनं खूप वेळ पाहिलं. मग वर पाहिलं.

"एक पोपट कुठी गेला?"

 मग गोदीच म्हणाली, "पोरीनं खेयता खेयता तोडला. पडला असन कुठीतरी."

"असा कसा पडला? चांदीचा व्हता तो!" म्हणत तो खाली बसला. गुडघ्यांवर. पाटाखाली पाहिलं, कणगीमागे हात घातला, शेणानं सारवलेली जमीन बोटांनी चाचपत चालला, कधीकाळी कापसाच्या गाडीत हात घालायचा तसा. गडबडीनं पोर जागं झालं आणि रडायला लागलं. त्यानं मान वर केली नाही. गोदी पाळण्याची दोरी धरून ओढायला लागली.

दाराशी तिची थोरली उभी होती. माझ्या झोळीत नाव ठेवलेली ती पोट्टी, आता बोलायला लागलेली. हात तिनं पाठीमागे धरले होते. मी जिथे बसले होते तिथून मला तिची मूठ दिसत होती, आणि मुठीतून बाहेर आलेलं चांदीचं शेपूट. गोदीलाही दिसत होतं. रुखमालाही.

"आजा, काय पाहून राहिला?" पोट्टीनं विचारलं.

"पोपट माय, पोपट. तुह्या हाती लागला का?"

तिनं आईकडे पाहिलं. गोदी दोरी ओढत राहिली.

"नाही," पोट्टी म्हणाली.

रुखमा उठली. त्याच्यासाठी मांडलेला पाट तिनं उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला.